गावाची ओढ वेगळी, मुळं तुटणं वेगळं

मुंबईत पोट भरायला आलेल्या माणसाची कविता दिसली की आपण लगेच म्हणतो, 'गाव सुटल्याचं दुःख'. पण तेवढ्यात दोन निरनिराळी दुखणी झाकली जातात. एक गावाच्या ओढीचं. दुसरं, आपण कोण नि कुठले हेच हातून निसटल्याचं. मी अशी कविता वाचताना एकच विचारतो: या माणसाला आज रात्रीच्या एसटीत बसवून दिलं, तर दुखणं थांबेल का?

अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना' घ्या. अण्णा भाऊ स्वतः वाटेगावाहून मुंबईत आलेले. या छक्कडीतला (लावणीच्या धाटणीच्या लोकगीतातला) नायक गरिबीपायी बायकोला गावी ठेवून मुंबई गाठतो. तिचा गव्हाळ रंग, ओतीव बांधा, सगळं त्याला लख्ख दिसतंय. परतायचं कुठं हेही पक्कं ठाऊक आहे. आडवी येते ती बेकारी आणि रिकामा खिसा. भाड्याचे पैसे हाती पडले तर हा माणूस बरा होईल. शेवटी हीच ताटातूट खंडित महाराष्ट्राची होते, आणि तिथंही बेळगाव, कारवार अशी नावं घेऊन हाक मारता येते. ओढीला पत्ता लागतोच. (या ओढीचं दुसरं टोक जात्यावरच्या ओव्यांत आहे, मुंबईला गेलेल्या धन्याची वाट बघणाऱ्या बायकांचं. प्रवासी माणसाच्या कवितेची चर्चा त्यांना वगळून होते, ते मला खटकतं.)

नारायण सुर्व्यांकडे असा पत्ताच नव्हता. उघड्यावर सापडलेलं हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं वाढवलं, आडनावही त्यांचंच. 'माझे विद्यापीठ'मध्ये आठवायला गाव नाही. दुकानांचे आडोसे आहेत, फुटपाथ आहे. एसटीत बसवलं तरी हा कवी उतरणार कुठं? पण तो रडत बसत नाही, कामगार म्हणून नवं गणगोत जोडतो.

नामदेव ढसाळांच्या बाबतीत तर 'हरवलेली ओळख' हे शब्दच मला चुकीचे वाटतात. पुण्याजवळच्या खेड्यातून ते लहानपणी कामाठीपुऱ्याच्या परिसरात आले. पण गावानं त्यांना कोणती ओळख दिली होती? अस्पृश्याची. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्याला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगर म्हटलं, ते यासाठीच. 1972च्या 'गोलपिठा' या त्यांच्या कवितासंग्रहात गावासाठी उसासा शोधू नये. तिथला राग हरवलेल्याचा नाही, मुळात नाकारलेल्याचा आहे.

मात्र दोन्ही दुखणी एकाच माणसात भेटतात तेव्हा माझा प्रश्न अपुरा पडतो. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबले तसे कितीतरी कामगार गावी परतले. ओढ खरी असती आणि तेवढीच असती, तर ती इथं संपायला हवी होती. पण गावात ते मुंबईवाले ठरले आणि जीव अडकला लालबाग-परळच्या चाळीत, भजनी मंडळात, तिन्ही पाळ्यांच्या भोंग्यात. जे मागे राहिले त्यांनी खोली सोडली नाही, तरी समोर गिरणीच्या जागेवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. चिमणी गेली, भोंगा गेला, खानावळी गेल्या. त्यांना आता कोणत्या गाडीत बसवून द्यायचं?