मातृवंदनेचे पैसे : अर्ज कधी करायचा आणि अडतो कुठे

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे बाईच्या खाण्यापिण्यासाठी आणि बुडालेल्या मजुरीसाठी असतात. म्हणून पहिला हप्ता गरोदरपणातच हाती पडला तर त्याचा खरा उपयोग.

पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात. गरोदरपणाची नोंद आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत निदान एक तपासणी झाली की ३,०००. जन्मनोंद आणि बाळाच्या १४ आठवड्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्या की उरलेले २,०००. दुसरे अपत्य मुलगी झाली तर ६,००० एकरकमी. मात्र हा अर्ज जन्मापासून २७० दिवसांत करायचा.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्याचा दाखला, दारिद्र्यरेषेखालील रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, मनरेगाचे जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, पात्रतेसाठी यांतला एकच कागद पुरतो. सगळे गोळा करत बसाल तर महिना तिथेच जाईल. केंद्र-राज्य सरकारच्या किंवा सार्वजनिक उपक्रमाच्या कायम नोकरीत असलेल्या महिलेला योजना लागू नाही.

अर्ज आशाताई किंवा अंगणवाडी सेविका भरून देतात. पोर्टलवर स्वतःही भरता येतो. सोबत आधार, माता-बाल संरक्षण कार्ड आणि मोबाइल ठेवा. कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख आणि तपासणीची नोंद लिहिलेली आहे ना, ते तिथल्या तिथे पाहून घ्या. दुसऱ्या हप्त्याला जन्मदाखला आणि लसींची नोंद लागते.

बरेच अर्ज बँकेपाशी अडतात. खात्याला आधार 'जोडलेले' असणे, म्हणजे बँकेकडे आधार क्रमांकाची नोंद असणे, वेगळे; आणि थेट लाभासाठी तेच खाते आधारशी संलग्न असणे, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद ('सीडिंग') असणे, वेगळे. पैसे आधारला सर्वांत शेवटी संलग्न केलेल्या खात्यात जातात. ते माहेरचे, बंद पडलेले खाते निघाले तर हप्ता परत फिरतो. तेव्हा फॉर्मच्या आधी बँकेत जाऊन विचारा. आधारवर माहेरचे नाव आणि पासबुकावर सासरचे असेल तर तेही आधी जुळवून घ्या. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते आणि कार्ड सासरी राहते, मग लसींची नोंद कोऱ्या कागदावर होते. कार्ड पिशवीतच असू द्या.

नोंद बारा आठवड्यांच्या आत केली की चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्याही वेळेवर सुरू होतात. त्या चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नयेत, लोह अंगी लागत नाही.

गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मले, तर पुढच्या गरोदरपणात नव्याने अर्ज करता येतो.