पाण्यातली दुसरी होडी

होडीचा फोटो नवशिक्याने दाखवला की पहिला सल्ला ठरलेला असतो : क्षितिज मधोमध घेऊ नकोस. हा सल्ला कॅमेऱ्यापेक्षा जुना आहे. निसर्गचित्रात आकाशाला साधारण दोन तृतीयांश किंवा एक तृतीयांश जागा द्यावी, असं जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये लिहिलं आणि 'तृतीयांशाचा नियम' हे नावही त्यानेच वापरलं.

पुढे फोटोग्राफी आली, तेव्हा क्षितिज ही खरोखरची अडचण झाली. १८५१ नंतर रूढ झालेली ओल्या कलोडियनची, म्हणजे चिकट रासायनिक थर ओला असतानाच वापरायची काच निळ्या रंगाला फार संवेदनशील होती. पाणी नीट यावं एवढा वेळ दिला की आकाश पांढरंफटक पडायचं. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरने १८५७च्या सुमारास आकाशाची एक निगेटिव्ह, समुद्राची दुसरी घेऊन प्रिंट करताना त्या क्षितिजावर जोडल्या. मला मात्र त्याचं १८५६चं जहाजाचं चित्र अधिक मोलाचं वाटतं. जहाज इवलंसं, दूर. सगळं चित्र पेललंय ते पाण्यावर पसरलेल्या उजेडाने.

पीटर हेन्री एमर्सन या फोटोग्राफरने १८८६ मध्ये पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या उथळ तळ्यांवरचे ४० प्लॅटिनम प्रिंट प्रसिद्ध केले. त्यातल्या कमळं खुडणाऱ्या जोडप्याच्या फोटोत होडी अगदी जवळ आहे आणि भोवतालचं शांत पाणी तिच्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आता प्रतिबिंबाबद्दल. ते म्हणजे होडीची नुसती उलटी नक्कल नसते. कॅमेरा पाण्याच्या वर जेवढा, तेवढाच पाण्याखाली धरला असता तर होडी जशी दिसली असती, तशी ती पाण्यात दिसते. म्हणून धक्क्यावर उभं राहिलं की वर होडीतली जाळी दिसतात, पाण्यात मात्र तिची खालची बाजू. पाण्यालगतच्या पायरीवर उकिडवं बसा, दोन्ही होड्या जुळू लागतात आणि प्रतिबिंब उजळतं. सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवतं; नजर तिरपी होईल तसं हे प्रमाण वाढत जातं.

एडविन लँड या अमेरिकन संशोधकाने १९२९ मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्या पोलरायझिंग पटलातून आजचा पोलरायझर, म्हणजे भिंगावर लावून फिरवायचा चकाकी कमी करणारा फिल्टर, आला. तो चुकीचा फिरवला तर हेच प्रतिबिंब पुसलं जातं. आणि पाणी निवांत असेल, डोलकाठीचं टोक खालीही पूर्ण मावत असेल, तर क्षितिज खुशाल मधोमध घ्यावं. तिथे स्मिथचा नियम मी बाजूला ठेवतो.