रबर व प्लॅस्टिक उद्योगातील संशोधन रसायनज्ञ

रबर आणि प्लॅस्टिक यांच्या कच्च्या मालापासून ठरावीक कामाला उतरेल असे मिश्रण बसवणारा, त्याचे गुणधर्म मोजणारा आणि ते कारखान्यात दर बॅचला सारखेच निघेल याची जबाबदारी घेणारा रसायनज्ञ. नवा रेणू शोधून काढण्याचा प्रसंग त्याच्या कारकिर्दीत क्वचितच येतो. बराचसा काळ परस्परविरोधी गुणधर्मांचा, परवडेल अशा दरात, मेळ घालण्यातच जातो. नाशिकमध्ये सातपूर व अंबड या औद्योगिक वसाहती, सिन्नर आणि ओझर या पट्ट्यात टायर, मोटारी, डिझेल इंजेक्शनचे सुटे भाग, स्विचगिअर (वीजप्रवाह जोडणारी-तोडणारी उपकरणे) आणि विमाने असे अगदी भिन्न उद्योग जवळजवळ असल्याने या कामाची बहुतेक रूपे एकाच जिल्ह्यात पाहायला मिळतात.

गंधकासह तापवलेले रबर उन्हाळ्यात चिकट होत नाही आणि थंडीत कडक पडत नाही, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये आढळले. १८४४ मध्ये त्यांना अमेरिकेत पेटंट मिळाले. पण ते कुणाचे पगारी संशोधक नव्हते आणि कर्ज डोक्यावर ठेवूनच वारले. कारखान्याच्या पगारावर काम करणाऱ्या रसायनज्ञाचे महत्त्व ठळक झाले ते अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात. तेथे जॉर्ज ओएनस्लॅगर यांनी १९०६ मध्ये अ‍ॅनिलीन मिसळल्यास रबर लवकर पक्के होते असे दाखवले आणि अ‍ॅनिलीन विषारी असल्यामुळे त्याऐवजी थायोकार्बानिलाइड वापरात आणले. प्लॅस्टिकच्या बाजूला १९२६ मध्ये वॉल्डो सीमन हे धातूला रबर चिकटवणारा पदार्थ शोधत असताना त्यांच्या हाती लवचीक पीव्हीसी लागले. रबर म्हणजे लांबलचक साखळ्यांचा महारेणू होय, हा हेरमान श्टाउडिंगर यांचा सिद्धांत १९२० चा. म्हणजे आपण नेमके काय पक्के करत आहोत हे कळण्याआधी हा उद्योग जवळजवळ ऐंशी वर्षे चालला होता. सिद्धांतापेक्षा नोंदवहीवर अधिक विसंबण्याची त्याची सवय तेव्हापासूनची असावी.

रबराच्या कृतीत प्रत्येक घटक १०० भाग रबराच्या प्रमाणात लिहितात. नैसर्गिक रबराच्या एका साध्या कृतीत कार्बन ब्लॅक (काजळी) ५०, झिंक ऑक्साइड ५, स्टिअरिक आम्ल २, गंधक २ ते २.५ आणि रबर लवकर पक्के करणारा प्रवेगक १ भागाच्या आसपास असतो. हे मिश्रण दोन रुळांच्या मिलवर तयार करून त्याचा लहानसा तुकडा ऱ्हिओमीटरमध्ये ठेवतात. रबर पक्के होत जाते तसा त्याचा पिळाला होणारा विरोध वाढतो आणि पडद्यावर वर चढणारी रेघ उमटते. ती चढायला कधी लागते आणि नव्वद टक्क्यांवर कधी पोचते, या दोन वेळांवरून जाणकार रसायनज्ञ कोणता घटक कमी-जास्त झाला असेल याचा अंदाज बांधतो. एप्रिल-मे महिन्यांत सातपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेले कच्चे कंपाउंड साच्यात जाण्याआधीच अर्धवट पक्के होऊ शकते. कामगार त्याला ‘स्कॉर्च झाले’ म्हणतात आणि असा माल बहुधा फुकट जातो. म्हणूनच गंधक व प्रवेगक शेवटच्या टप्प्यात, कमी तापमानाला घालतात.

डिझेलच्या संपर्कात नैसर्गिक रबर फुगते, त्यामुळे इंधनाच्या सीलसाठी नायट्राइल रबर घेतात. त्यातील अ‍ॅक्रिलोनायट्राइलचे प्रमाण वाढवले की तेल सोसण्याची ताकद वाढते, मात्र थंडीतील लवचीकपणा घटतो. वाहनाच्या सीलला चालणारे प्रमाण विमानाच्या सीलला चालेलच असे नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान कोसळले त्यामागे थंडीने ताठर झालेले ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद ठेवणारे गोल रबरी सील, हे एक कारण होते.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांनी प्लॅस्टिकच्या रसायनज्ञापुढे वेगळाच प्रश्न ठेवला आहे. ठिबकच्या नळ्यांत सुमारे २ ते २.५ टक्के कार्बन ब्लॅक असतो आणि तो नीट पसरलेला असेल तर नळी उन्हात वर्षानुवर्षे टिकते. गारपीट व अवकाळी पावसापासून घड वाचवण्यासाठी वर घालायचे आच्छादन मात्र पारदर्शक हवे, त्यामुळे तेथे काजळी चालत नाही. अमाइन गटातील प्रकाशस्थिरक घालावे लागतात. भुरी रोगावर फवारलेल्या गंधकापासून तयार होणारी आम्ले हेच स्थिरक निकामी करतात. रबराला बळ देणारे गंधक येथे शत्रू ठरते. प्रयोगशाळेत उन्हाची नक्कल करणाऱ्या झेनॉन दिव्याखाली उत्तम उतरलेली फिल्म बागेत लवकर फाटते, याचे हे एक कारण आहे आणि फवारणीचे वेळापत्रक शेतकऱ्याला विचारल्याशिवाय ते सापडत नाही. स्विचगिअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या नायलॉनचा प्रश्न त्यामानाने सरळ आहे: दाणा हवेतील ओल शोषतो, म्हणून पावसाळ्यात तो नीट सुकवूनच मशीनला लावावा लागतो.

या क्षेत्रात बहुतेकजण रसायनशास्त्रातील पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेऊन येतात. पुढील शिक्षणासाठी माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे १९३३ मध्ये सुरू झालेली जुनी यूडीसीटी (मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग), आणि पुण्याची १९५० मधील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ही नाशिककरांना जवळची ठिकाणे आहेत. नोकरीत असताना इंडियन रबर इन्स्टिट्यूटची पदविका परीक्षा देता येते. सुरुवातीची वर्षे चाचण्यांत जातात, मग कृती बसवण्याचे काम हाती येते. पुढे एक फाटा व्यवस्थापनाकडे आणि दुसरा ग्राहकाच्या कारखान्यात जाऊन तक्रारी सोडवण्याकडे वळतो. दुसरा फाटा अधिक शिकवणारा, जरी पहिल्याचा पगार जास्त असला तरी.

लौकिकाच्या दृष्टीने ही कारकीर्द बरीचशी झाकलेली राहते. कृती ही कंपनीची मालमत्ता असते. पेटंट घेतले तर ती उघड होते, म्हणून पुष्कळदा ती गुपितच ठेवतात. ओएनस्लॅगर यांचा शोधही प्रथम गुप्तच ठेवण्यात आला होता आणि त्यांना औद्योगिक रसायनशास्त्रासाठीचे पर्किन पदक मिळाले ते १९३३ मध्ये.

अलीकडे जुन्या घटकांचीच फेरतपासणी सुरू आहे. १ जुलै २०२२ पासून देशात एकल-वापराच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. टायरला ओझोनपासून वाचवणारे सिक्सपीपीडी हे रसायन ओझोनशी संयोग पावून बनणारा क्विनोन नावाचा पदार्थ कोहो सामन माशांना मारतो, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले. त्याला पर्याय शोधणे कठीण आहे, कारण नव्या रसायनाने ओझोनशी रबराच्या आधी संयोग पावले पाहिजे आणि टायरच्या आतून पृष्ठभागाकडे बेताच्या वेगानेच येत राहिले पाहिजे. ते लवकर बाहेर आले तर काही महिन्यांतच संपते आणि उशिरा आले तर तोवर टायरच्या बाजूला तडे गेलेले असतात.