डीजे हेडफोन की स्टुडिओ हेडफोन? बेस आणि बांधणीतला खरा फरक

दोन्ही काळे, दोन्ही बंद कपांचे, दोघांनाही गुंडाळीची वायर आणि टोकाला ६.३५ मिमीच्या मोठ्या जॅकचा अ‍ॅडॉप्टर. दुकानात शेजारी टांगले तर चटकन ओळखू येत नाहीत आणि दोघांबद्दलही 'बेस जबरदस्त आहे' हेच ऐकायला मिळतं. पण घणसोली-कोपरखैरणेच्या हळदीत टॉप-बेस स्पीकरच्या भिंतीमागे उभं राहून पुढचं गाणं क्यू करणं, म्हणजे आधी फक्त हेडफोनमध्ये ऐकून तयार ठेवणं वेगळं आणि रात्री घरी बसून त्याच गाण्याचा रिमिक्स बांधणं वेगळं.

आधी बेस. स्टुडिओ हेडफोनने खरं सांगायचं असतं: ६० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे अगदी खालच्या सुरांत, किक (मोठ्या ड्रमचा ठोका) वाजवीपेक्षा जड झाली असेल, तर ती जडच ऐकू यायला हवी. बऱ्याच डीजे हेडफोनमध्ये बेस मुद्दाम वर उचललेला असतो. त्यावर रिमिक्स केला की घोळ ठरलेला. कानात बेस भरपूर वाटतो म्हणून तुम्ही तो हात राखून ठेवता आणि मंडपात गाणं पातळ वाजतं. स्टुडिओचे म्हणून विकले जाणारे सगळेच हेडफोन सपाट, म्हणजे कुठलाही सूर वर न उचलणारे, असतात असंही नाही. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सचा बेससुद्धा थोडा वरच आहे.

मग मंडपात जास्त बेसचा हेडफोन बरा? तिथेही नाही, आणि हे पटायला थोडं जड जातं. बंद कप वरचे सूर चांगले अडवतात, पण ५०-६० हर्ट्झचा दणका कप, पॅड आणि हाडांतूनही आत येतो. स्पीकरचा बेस आधीच कानात भरलेला असतो. हेडफोनचा बेस वाढवून त्याच्यावर मात करायला गेलात की आवाज चढत जातो आणि कान खराब होतात. बीट जुळवताना खरा उपयोग होतो तो किकच्या सुरुवातीच्या 'टक'चा, हाय-हॅटचा (ड्रमसेटमधल्या झांजांचा) आणि ढोलकीच्या टणक थापेचा. म्हणून डीजेने हेडफोनची घट्ट पकड आणि मधल्या सुरांची स्पष्टता बघावी.

पकडीवर बेसही अवलंबून असतो. पॅड आणि कानामध्ये बारीकशी फट राहिली तरी सगळ्यात आधी खालचे सूर गळतात. चष्म्याची काडी एवढी फट सहज करते. कानाभोवती बसणाऱ्या पॅडमध्ये हे जास्त जाणवतं. डुप्लिकेट पातळ पॅड लावल्यावर 'हेडफोनचा बेस गेला' म्हणतात, तेही बहुधा यामुळेच; आतला ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर, ठणठणीत असतो.

बांधणीत फरक आणखी ठळक आहे. स्टुडिओ हेडफोन दिवसभर एका डोक्यावर किंवा स्टँडवर असतो. डीजे हेडफोनचा एक कप रात्रभर कानावरून मागे आणि पुन्हा कानावर फिरत राहतो, खांदा आणि कानामध्ये दाबला जातो, गळ्यात लोंबतो. त्यामुळे हलका स्टुडिओ हेडफोन या कामाला लावला की आधी कप फिरण्याचा प्लास्टिकचा सांधा चिरतो. मग सांध्यातून जाणारी बारीक वायर तुटते आणि एक बाजू मधूनमधून बंद पडू लागते.

सेन्हायझरचा एचडी २५ हा १९८८ पासूनचा हेडफोन आजही डीजेंच्या गळ्यात दिसतो, तो याच कारणाने. वायर सोडून वजन जेमतेम १४० ग्रॅम, एक कप मागे फिरतो, वरची पट्टी दुभागून डोक्यावर घट्ट बसते. मुख्य म्हणजे पॅड, वायर, कप, पट्टी, सगळं सुटं मिळतं आणि घरी बदलता येतं. त्याचा त्रास एकच: तो कानावर दाबून बसतो, दोन-तीन तासांनी कानाच्या पाळ्या दुखतात. एम५०एक्स २८५ ग्रॅमचा आहे, कान पूर्ण झाकतो आणि दोन्ही कप ९० अंशांत वळतात. लांब बसून काम करायला तो सुखाचा. त्याची वायर निघते, पण कपाकडचा जॅक २.५ मिमीचा आणि खाच असलेला आहे. साधी ऑक्स वायर त्यात बसत नाही, म्हणून जादाची वायर आधीच घेऊन ठेवा. हळदीच्या रात्री ती कुठे शोधणार?

ओहमचा, म्हणजे हेडफोनच्या विद्युत अडथळ्याचा आकडाही बघा. एचडी २५ चे ७० आणि एम५०एक्सचे ३८ ओहम कुठल्याही कंट्रोलरवर (गाणी मिसळायच्या डीजेच्या यंत्रावर) चालतात. २५० ओहमचा स्टुडिओ हेडफोन लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणाऱ्या कंट्रोलरला लावला तर आवाज कमी पडतो.

ठाण्या-नवी मुंबईच्या खाडीकाठच्या दमट हवेत आणि घामात रेक्झिनचे पॅड लवकर सोलवटतात. कार्यक्रम संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसा आणि ओला हेडफोन लगेच बॅगेत कोंबू नका.

घेताना स्वतःचं ओळखीचं गाणं वेव्ह किंवा ३२० केबीपीएसमध्ये न्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली क्लिप नको. गाणं चालू असताना दोन्ही कप तळहातांनी हलके दाबा. बेस एकदम वाढला तर तो हेडफोन तुमच्या डोक्यावर नीट बसत नाही. मग एक कप मागे फिरवून उरलेल्या कानाने ऐका, पट्टी घसरते का पाहा. शेवटी ४० ते ६० हर्ट्झचा टोन मध्यम आवाजात वाजवा. खरखर आली तर पॅड काढून बघा, ड्रायव्हरच्या पडद्यावर केस पडलेला असू शकतो. केस काढूनही खरखर राहिली तर तो नग घेऊ नका.