ठाण्याची थंडी: हिमालयातला बर्फ, सिमला ऑफिस आणि साडेचार अंशांचा हिशेब

‘उत्तरेत बर्फवृष्टी, राज्यात हुडहुडी’ हा मथळा डिसेंबर-जानेवारीत झळकला की ठाणे-नवी मुंबईत दोन प्रश्न हमखास निघतात. इथे कधी बर्फ पडेल का? आणि थंडीची लाट म्हणायची ती नेमकी किती अंशांना?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: नाही. बर्फ भुरभुरत जमिनीवर पोचायचा तर ढगापासून जमिनीपर्यंतची हवा शून्याच्या आसपास हवी. आपल्याकडे जानेवारीतही शून्य अंशाची पातळी साधारण चार किलोमीटरच्या वर असते. मोबाइलवर फिरणारे ‘महाराष्ट्रात बर्फ’चे व्हिडिओ बहुतेक वेळा गारांचे असतात. गार उंच वादळी ढगात तयार होते आणि कडाक्याच्या थंडीशी तिचा संबंध नसतो. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात गारांचा खच पडला, तेव्हा हिवाळा सरत आला होता. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दिसतात ते गोठलेले दवबिंदू. निरभ्र रात्री गवताचं पातं हवेपेक्षा लवकर निवतं, त्यामुळे माणसाच्या छातीच्या उंचीवरचा तापमापक पाच-सहा अंश दाखवत असताना गवतावर हिम साचलेलं असू शकतं.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र थोडं मागे जावं लागतं. १८६४चं कलकत्त्याचं चक्रीवादळ आणि त्यानंतर १८६६ व १८७१मध्ये दगा दिलेला मॉन्सून, या धक्क्यांनंतर १८७५मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. मुंबईची कुलाबा वेधशाळा त्याहून जुनी, १८२६ची. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावर पडणाऱ्या बर्फाकडे लक्ष दिलं, पण थंडीसाठी नव्हे, पावसासाठी. हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयावर बर्फ जास्त साचला तर पुढचा मॉन्सून कमजोर, असं त्यांचं अनुमान होतं. १८८२ ते १८८५ या काळात त्यांनी त्यावर प्रायोगिक अंदाज बांधले आणि १८८६च्या जूनपासून ते नियमित दिले जाऊ लागले. म्हणजे आपल्याकडे बर्फाची नोंद अंदाजात आली ती स्वेटरसाठी नाही, पेरणीसाठी! विभागाचं मुख्यालय पुढे शिमल्याहून १९२८मध्ये पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९४४मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र इथेच राहिलं.

बर्फ आणि ठाण्याची थंडी यांना जोडणारा दुवा म्हणजे पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या बाजूला तयार होणाऱ्या या प्रणाली उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत येतात. हिवाळ्यात महिन्याला सरासरी चार ते सहा येतात. त्या काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ टाकतात. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. उत्तरेत बर्फ पडत असतो त्या दिवशी आपल्याकडे गारठा वाढत नाही, बहुधा कमीच होतो. झंझावात जवळ येताना वायव्य भारतात ढग येतात, उत्तरेचे वारे तुटतात, आपल्याकडे हवा दमट होते आणि किमान तापमान एक-दोन अंश चढतं. प्रणाली पूर्वेकडे सरकली, आकाश मोकळं झालं आणि राजस्थान-गुजरातमार्गे कोरडे वारे वाहू लागले की दोन-तीन दिवसांनी ठाण्यात पहाट बोचायला लागते. पाठोपाठ दुसरा झंझावात आला तर ही साखळी मध्येच तुटते. अंदाजातली थंडी ‘आलीच नाही’ अशी तक्रार होते, तेव्हा अनेकदा हेच घडलेलं असतं.

वाऱ्याची दिशा थोडी बदलली तरी चित्र पालटतं. वारे पूर्वेकडून, जमिनीवरून आले तर खारे वारे उशिरा सुटतात आणि जानेवारीतही दुपारी पारा ३३-३४वर जातो. सकाळी कानटोपी, दुपारी एसी, ही आपल्या भागातली नेहमीची तऱ्हा त्यातूनच येते.

आता साडेचार अंशांकडे वळू. हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं आणि ते त्या तारखेच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी हवं, तर थंडीची लाट. घट ६.४ अंशांहून जास्त असेल तर तीव्र लाट. पारा चारवर किंवा त्याखाली गेला तर सरासरी न बघताच लाट मानतात. डोंगराळ भागासाठी उंबरठा शून्याचा आहे. किनारी केंद्रांवर १० अंश क्वचितच दिसतात, म्हणून तिथे १५ अंश किंवा कमी आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांची घट, असा निकष आहे. शिवाय एकाच ठिकाणचा आकडा पुरत नाही. हवामान उपविभागातल्या, म्हणजे आपल्यासाठी कोकण-गोव्यातल्या, निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस अट पूर्ण व्हावी लागते, आणि घोषणा दुसऱ्या दिवशी होते.

सांताक्रूझची जानेवारीतली किमान सरासरी सुमारे १७ अंश. त्यातून ४.५ वजा केले की १२.५. म्हणजे तिथे १४ अंशांची पहाट छान गार असते, पण लाट नसते. जानेवारी १९६२मध्ये मुंबईत ७.४ अंश नोंदले गेले, सरासरीच्या साडेनऊ अंश खाली. तो विक्रम अजून मोडलेला नाही. बातमीत ‘कालपेक्षा पाच अंशांनी घसरण’ लिहिलेलं असेल तर ते वेगळं गणित आहे. निकषातली तुलना कालच्या दिवसाशी नसते, तीस वर्षांच्या सरासरीशी असते.

आकडा कुठे मोजला, यावरही बरंच अवलंबून असतं. वेधशाळेतला तापमापक स्टीव्हन्सन पेटीत असतो: पांढरी, झडपांची, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, दार उत्तरेकडे. त्या दारामुळे उघडताना ऊन आत शिरत नाही. किमान तापमापकात अल्कोहोल असतं आणि तो जवळजवळ आडवा ठेवतात. हलवाहलवीत अल्कोहोलचा स्तंभ तुटून वर अडकला तर वाचन खोटं खाली येतं. सकाळी साडेआठला नोंद घेतली जाते, त्यामुळे छापलेलं किमान हे त्या वेळेपर्यंतच्या चोवीस तासांचं असतं. गॅलरीतल्या भिंतीला टांगलेला तापमापक रात्रभर दिवसाची ऊब सोडणारं सिमेंट मोजतो. त्यावरून शेजाऱ्याशी वाद घालू नये.

ठाणे जिल्ह्याच्या आतही फरक मोठा पडतो. वाशी-ऐरोलीला खाडीचं पाणी रात्री ऊब देतं. दाट वस्तीचं काँक्रीट तेच करतं. येऊरच्या पायथ्याला, बदलापूर-मुरबाड-शहापूरच्या मोकळ्या सखल शिवारात मात्र जड गार हवा उतारावरून घरंगळत येऊन साचते, आणि वारा पडलेल्या रात्री तळ माथ्यापेक्षा थंड होतो. अंदाज काढणाऱ्या साधारण १२ किलोमीटर चौकोनाच्या संगणकीय प्रारूपात खाडी, पारसिकचा डोंगर आणि घणसोली एकाच आकड्यात बसत. मे २०२५पासून हवामान विभाग सहा किलोमीटरचं ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ वापरतो. त्यातही एखादी दरी वेगळी दिसेलच असं नाही.

अॅपमधल्या ‘जाणवणारं तापमान’ या आकड्याबद्दलही थोडं सांगायला हवं. वाऱ्यामुळे वाढणाऱ्या थंडीची कल्पना अंटार्क्टिकात पाणी गोठायला किती वेळ लागतो, या प्रयोगांतून १९४५मध्ये मांडली गेली. सध्याचं सूत्र २००१चं आहे, आणि ते १० अंश किंवा त्याखालच्या तापमानासाठीच आहे. १५ अंशांच्या ठाण्याला ते लावणं चूक.

या सगळ्या हिशेबाचं सर्वांत रोकडं फळ वाशीच्या एपीएमसीत उतरतं. हापूसला मोहोर फुटायला कोरडी, गार हवा लागते, पण कडाका लांबला तर फळं धरलेल्या फांद्यांवरच पुन्हा मोहोर येतो आणि आधीची वाटाण्याएवढी कैरी गळते. यावर जिब्रेलिक अॅसिड हे वाढीचं संजीवक ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम, मोहोर पूर्ण उमलल्यावर एकदा आणि फळ वाटाण्याएवढं झाल्यावर पुन्हा फवारतात. ती भुकटी पाण्यात थेट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावी लागते. फवारणी चुकली, की पेट्या बाजारात उशिरा येतात.