व्हर्टिकल टेस्टिंग (स्वस्त रेड वाइनचं)

एकाच वायनरीची एकच वाइन, पण वेगवेगळ्या सालांच्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवून चाखायच्या, याला व्हर्टिकल टेस्टिंग म्हणतात. साल एकच आणि वायनऱ्या वेगळ्या असतील तर ते हॉरिझॉन्टल. बाटलीवरचं साल म्हणजे द्राक्षं तोडली ते साल, आणि युरोपियन युनियनमध्ये ते छापायचं तर किमान ८५ टक्के द्राक्षं त्याच सालची लागतात.

हे सगळं महागड्या बाटल्यांसाठीच असतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण हवामानाचा फरक समजून घ्यायचा असेल तर स्वस्त वाइनच जास्त कामाची. फ्रान्समधल्या बोर्दो या वाइनच्या प्रदेशातली मोठी शातो (स्वतःचे द्राक्षमळे असलेल्या वायनऱ्या) वाईट साल आलं की कमी पिकलेली द्राक्षं बाजूला काढतात, दुय्यम लेबलच्या वाइनमध्ये वळवतात, आणि मुख्य बाटली सावरून घेतात. साध्या बोर्दो किंवा बोर्दो सुपेरियर लेबलच्या छोट्या उत्पादकाला एवढी निवड परवडत नाही, त्यामुळे त्या वर्षीचा पाऊस, गारठा, ऊन सगळं ग्लासात उतरतं. फक्त बाटली एकाच शातोची घ्यावी, अनेक ठिकाणची वाइन एकत्र करून बनवलेल्या मोठ्या ब्रँडमध्ये चव मुद्दामच दरवर्षी सारखी राखलेली असते.

सालं निवडताना विचार करावा, नाहीतर वय आणि हवामान यांची गल्लत होते. बोर्दोची २०१८, २०२१ आणि २०२२ ही तीन घ्या. २०२१ ला एप्रिलमध्ये दहिवर (गोठलेलं दव) पडलं, मग डाउनी मिल्ड्यू म्हणजे केवडा हा बुरशीचा रोग आला, उन्हाळाही थंडच गेला. २०२२ कडक उन्हाचं आणि कोरडं. दोघांच्या वयात एकाच वर्षाचं अंतर, म्हणजे जो फरक जाणवतो तो मुख्यतः हवामानाचा. २०१८ चा उन्हाळाही गरमच होता, त्यामुळे २०१८ आणि २०२२ मधला फरक बराचसा वयाचा. लेबलवरचा अल्कोहोलचा आकडासुद्धा वाचावा, थंड सालात तो सहसा कमी असतो.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कडेचा रंग बघायचा, तरुण वाइनची कड जांभळट असते आणि वय वाढेल तशी विटकरी होत जाते. थंड सालच्या काबर्नेमध्ये (ही द्राक्षाची एक जात) ढोबळी मिरचीचा वास ओळखू येतो, गरम सालात तो दबतो आणि पिकलेल्या काळ्या फळांचा वास पुढे येतो. जुन्या बाटलीत हिरड्यांना जाणवणारा तुरटपणा (टॅनिन) मऊ होतो. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र सालाला दोष देऊ नये, तो बुचाचा दोष असतो.

बाटल्या कागदात गुंडाळून नंबर टाकावेत, कारण साल दिसलं की मत आधीच बनतं. प्रत्येकाला ५० मिली पुरतं, म्हणजे ७५० मिलीच्या एका बाटलीत पंधरा जण चाखू शकतात आणि खर्च वाटून घेता येतो. तापमान १६ ते १८ अंश ठेवावं, आपल्याकडच्या खोलीत वाइन यापेक्षा गरमच असते म्हणून आधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवावी.

नाशिकच्या शिराझ (हीसुद्धा द्राक्षाची एक जात) किंवा काबर्नेवरही हे करता येतं. तिथे द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, पावसाळा तोडणीच्या आड येत नाही, पण छाटणीनंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी झाला तर फुलोऱ्याला आणि घडांना फटका बसतो. जुन्या सालची बाटली घेताना ती दुकानात कशी ठेवली होती ते आधी विचारावं, उकाड्यात पडून राहिलेली स्वस्त रेड वयाने नाही तर उष्णतेने म्हातारी झालेली असते आणि सगळी तुलनाच चुकते.