पारायण वेगळं, अभ्यास वेगळा: अमेरिकेतल्या सरकारी शाळा आणि धर्म

१९६३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळांतून बायबल हद्दपार केलं, असं आजही ठासून सांगितलं जातं. धर्मनिष्ठ माणसं ते चिडून सांगतात, धर्म न मानणारी अभिमानाने. चुकतात दोघंही. त्या निकालाने बंद केलं ते बायबलचं पारायण. अभ्यासाची वाट त्याच निकालात मोकळी ठेवलेली आहे.

धर्म शिकवणं आणि धर्माविषयी शिकवणं. मराठीत मध्ये जेमतेम एक शब्दयोगी अव्यय येतं, पण तिथल्या कायद्यात पहिली गोष्ट सरकारी शाळेला वर्ज्य आहे आणि दुसरी चालते.

खटला पेनसिल्व्हेनियातला. तिथल्या कायद्याप्रमाणे रोज शाळा भरताना बायबलमधली किमान दहा वचनं वाचायची होती. ॲबिंग्टनच्या हायस्कुलात ती स्पीकरवरून ऐकवली जात, मग सगळ्यांनी उभं राहून ख्रिस्ती प्रार्थना म्हणायची. १९५६ मध्ये एलरी शेम्प नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने त्या वेळात कुराण उघडून मनातल्या मनात वाचलं आणि प्रार्थनेला तो उभाच राहिला नाही. पुढे त्याच्या घरच्यांनी लढवलेला खटला १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टात आठ विरुद्ध एक मतांनी त्यांच्या बाजूने निकाली निघाला.

या कायद्यातली एक अट मला फार बोलकी वाटते. वचनं ‘कोणतंही भाष्य न करता’ वाचायची! ही अट घातली होती ती कुणी आपल्या पंथाचा अर्थ मुलांच्या माथी मारू नये म्हणून. पण नुसतं ऐकायचं, शंका काढायची नाही, अर्थ विचारायचा नाही, वाचन झालं की प्रार्थनेला उभं राहायचं, याला आपण पारायणच म्हणू. हीच वचनं साहित्याच्या तासाला घेतली तर भाष्याशिवाय पान उलटणार नाही: हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, पुढच्या कवींनी यातून काय उचललं? निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी स्पष्ट म्हटलं, की बायबलचा साहित्य आणि इतिहास म्हणून तटस्थपणे अभ्यास करायला हरकत नाही. पुस्तक तेच, वचनही तेच. मुलाकडून काय अपेक्षित आहे, समजून घेणं की हात जोडणं, एवढंच पाहायचं.

‘ज्याला नको त्याने चिठ्ठी आणावी,’ ही सवलत पेनसिल्व्हेनियात होती. तीही कोर्टाला पुरली नाही. राज्यघटनेची १७९१ ची पहिली दुरुस्ती सरकारला दोन गोष्टींपासून रोखते: धर्म प्रस्थापित करण्यापासून आणि कुणाच्या धर्माचरणात आडवं येण्यापासून. सक्ती नसली तरी यातलं पहिलं बंधन मोडलं जाऊ शकतं. (धर्म आणि राज्य यांच्यामधली ती प्रसिद्ध ‘भिंत’ घटनेत कुठेच नाही, राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या १८०२ च्या एका पत्रात आहे.) मुलाने आपणहून परीक्षेआधी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं तर त्याला कुणी अडवत नाही. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतली जेमतेम बावीस शब्दांची प्रार्थना मात्र रद्द झाली, कारण ती सरकारी मंडळाने रचलेली होती.

जागेवरूनही निकाल फिरतो. इलिनॉय राज्यातल्या शॅम्पेन गावच्या शाळांत दर आठवड्याला बाहेरचे धर्मशिक्षक येऊन वर्ग घेत. १९४८ मध्ये ते बंद पडले. १९५२ मध्ये न्यूयॉर्कची मुलं अशाच शिकवणीसाठी शाळेच्या वेळात पण शाळेबाहेर जात होती. ते मात्र चाललं.

फरक कागदावर स्वच्छ दिसतो, पण शाळेत तो सांभाळणं सोपं नाही. कुराणाविषयी शिकवताना शिक्षकाचा सूर कुठे झुकला, हे निकालपत्रं वाचून कळत नाही. त्यातून २०२२ मध्ये एका फुटबॉल प्रशिक्षकाची मैदानावरची प्रार्थना कोर्टाने ग्राह्य धरली, तेव्हापासून जुन्या कसोट्याच डळमळल्या आहेत.

आपल्या ओळखीच्या गोष्टींवरूनही तिथे खटले झालेत. न्यू जर्सीच्या पाच हायस्कुलांत १९७५-७६ मध्ये भावातीत ध्यान, म्हणजे महर्षी महेश योगींची मंत्रध्यानाची पद्धत, ऐच्छिक विषय होता. विज्ञान म्हणून तो शिकवला जाई. पण मंत्र मिळण्याआधी मुलांनी फळं, फुलं आणि पांढरा रुमाल घेऊन एका रविवारी शाळेबाहेर पूजेला जायचं. शिक्षक गुरुदेवांच्या, म्हणजे महेश योगींच्या गुरूंच्या, तसबिरीसमोर संस्कृतात पूजा म्हणणार. १९७९ मध्ये अपील कोर्टानेही हा विषय धार्मिकच ठरवला. नाव विज्ञानाचं असलं तरी नैवेद्य नैवेद्यच.

उलट कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटसच्या प्राथमिक शाळांमधला योग २०१५ मध्ये अपिलातही टिकला. तिथे संस्कृत नावं काढून टाकली होती आणि पद्मासनाला मुलांच्या बोलीतलं ‘क्रिस-क्रॉस ॲपलसॉस’ हे नाव दिलं होतं. नाव बदललं की धर्म जातो, हा युक्तिवाद मला जरा स्वस्त वाटतो. कोर्टाने मात्र नावापुरतं पाहिलं नाही. त्या वर्गात मुलं प्रत्यक्षात काय करतात ते पाहिलं. ती अंग ताणत होती, श्वास मोजत होती आणि मांडी घालून बसत होती.